ओला मका, ॲसिडची मात्रा आणि मधोमध तापलेला ढीग

पत्र : यंदा ऐन मळणीत पाऊस लागला. बारा टन मका घरात आणून टाकलाय. वाळवायला ऊन नाही, ड्रायरची सोय नाही. मीटरवर चार ठिकाणी 21 ते 23 टक्के ओलावा दिसला; पाणी साचलेल्या तुकड्यातला साधारण दोन टन मका मात्र 26 दाखवतो. हा मका सहा महिने गाई आणि कोंबड्यांना घालायचाय. मागच्या वेळी 20-22 टक्के ओलाव्याच्या मक्याला टनामागे 3 लिटर प्रोपिऑनिक ॲसिड (बुरशी रोखणारं) 15 लिटर पाण्यात मिसळून पाठीवरच्या पंपाने ढिगावर मारलं होतं. पाच-सहा आठवड्यांत ढीग मधोमध तापला, आत हिरवी बुरशी. वरचा थर मात्र चांगला होता. आता विक्रेता म्हणतो, शुद्ध ॲसिड घेऊच नका, 55 टक्क्यांचं ‘न भाजणारं’ बफर मिश्रण घ्या, नाहीतर पावडर घ्या. काय घेऊ, किती घालू? स्क्रू कन्व्हेयर (नळीत फिरणाऱ्या स्क्रूने धान्य वर सरकवणारं यंत्र) भाड्याने मिळतोय. पत्र्याच्या कोठीत भरला तर चालेल का? यातला थोडा बियाण्याला आणि थोडा विकायला ठेवता येईल का?

उत्तर : सगळ्यात आधी आजचं काम. मका ढीग करून पडला असेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी तो फोडा. पत्र्याखाली, वीतभर जाडीच्या थरात पसरा आणि दिवसातून तीन-चार वेळा उलटा. 22 टक्के ओलावा म्हणजे दाणा अजून जिवंत आहे, श्वास घेतोय. त्यावरची बुरशीही श्वास घेतेय. दोघांच्या श्वसनातून उष्णता आणि पाणी बाहेर पडतं. ढिगात ही उष्णता अडकते, त्यामुळे श्वसन वाढतं आणि गाडी सुटते. ॲसिड मळणीच्या दिवशीच लागायला हवं होतं. दोन दिवस उशीर झाला असेल तर पुढे दिलेल्या मात्रेत एक पायरी वर जा. मका हाताला कोमट लागत असेल तर आधी थंड होऊ द्या. गरम दाण्यावरून ॲसिडची वाफ उडते, म्हणजे तुम्ही मोजून घातलेलं सगळं दाण्यात राहत नाही.

मागच्या वेळी नेमकं काय झालं, ते तुमच्याच आकड्यांवरून दिसतं. टनाला 3 लिटर म्हणजे वजनाच्या 0.3 टक्के. त्या ओलाव्याला सहा महिन्यांसाठी याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त लागतं. त्यात 15 लिटर पाणी. टनभर मक्यात 22 टक्क्यांनी 220 किलो पाणी आधीच होतं, तुम्ही त्यात 15 किलोची भर घातली. ओलावा 23 च्या पुढे गेला. म्हणजे मात्रा निम्मी आणि गरज वाढलेली. ॲसिड पातळ करून मारलं की पसरतं छान, हे खरं आहे. पण धान्याच्या कामात ते तसंच, पाणी न घालता वापरायचं असतं. तिसरी गोष्ट, ढिगावर फवारा मारला की तो वरच्या थरातच जिरतो. वरचा मका टिकला, कारण जवळजवळ सगळं ॲसिड तिथेच बसलं. आतल्या मक्याला ॲसिड शिवलंही नाही, किंवा शिवलं ते इतकं थोडं की त्याने नुकसानच केलं असावं.

हे ‘थोडं’ प्रकरण नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच फसतात. प्रोपिऑनिक ॲसिड बुरशी मारून टाकत नाही, तिची वाढ रोखून धरतं, आणि तेही दाण्यात त्याचं प्रमाण पुरेसं असेल तोवरच. प्रमाण कमी पडलं की अस्पर्जिलस आणि पेनिसिलियम गटातल्या काही बुरश्या हे ॲसिड चक्क खाऊन संपवतात. कमजोर जिवाणू आणि यीस्ट तेवढ्या मात्रेत दबतात, चिवट बुरशीला मैदान मोकळं मिळतं. उष्ण हवेत ही चिवट बुरशी अस्पर्जिलस फ्लेवस असण्याची शक्यता मोठी, आणि तीच अफ्लाटॉक्सिन हे विष बनवते. म्हणून ‘पूर्ण मात्रा परवडत नाही, निदान अर्धी तरी घालू’ हा हिशेब चुकीचा आहे. अर्धी मात्रा घालण्यापेक्षा अर्ध्या मक्याला पूर्ण मात्रा द्या आणि उरलेला आधी खाऊ घाला. फॉर्मिक ॲसिड एकटं वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जिवाणूंवर ते उत्तम चालतं, पण त्याची मात्रा अपुरी पडलेल्या धान्यात अफ्लाटॉक्सिन वाढल्याची उदाहरणं आहेत.

आता तुमचा विक्रेता. ॲसिड बुरशीच्या पेशीत शिरतं ते अखंड रेणूच्या रूपात. त्याचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला तुकडा, झाला की पेशीचं आवरण त्याला आत घेत नाही. अखंड रेणू किती राहतील हे सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. 4.87 पीएचला निम्मे रेणू अखंड असतात. एक अंक वर, 5.87 ला, नऊ टक्के उरतात. आणखी एक अंक वर गेलात की जेमतेम एक टक्का. बफर मिश्रणात ॲसिडचा काही भाग अमोनियम किंवा सोडियमचा क्षार केलेला असतो, म्हणून ते कातडी कमी भाजतं, लोखंड कमी खातं, नाकाला कमी झोंबतं. हे फायदे खरे आहेत आणि पहिल्यांदा काम करणाऱ्याला ते मोलाचे वाटतील. पण लिटरला लिटर ते शुद्ध ॲसिडच्या बरोबरीचं नाही. विक्रेता दोन्हीची मात्रा एकच सांगत असेल तर त्याला डब्यावरचा तक्ता दाखवायला सांगा. डब्यावर प्रोपिऑनिकचा एकूण अंश टक्क्यांत छापलेला असला पाहिजे. तो नसेल तर ते उत्पादन घेऊच नका, कारण मात्रा काढणारच कशी?

पावडर, म्हणजे बहुधा कॅल्शियम प्रोपिओनेट, या कामाची नाही. त्यात वजनाच्या साधारण 80 टक्के ॲसिडइतका माल असतो, कागदावर हिशेब चांगला दिसतो. पण अख्ख्या दाण्याला पावडर चिकटत नाही. ती खाली झिरपून तळाला बसते, आणि क्षार असल्यामुळे दाण्याच्या पीएचवर तिचा मोठा भाग निष्क्रिय राहतो. 14-15 टक्के ओलाव्याच्या भरडलेल्या खाद्यात मिसळायला पावडर ठीक. 22 टक्क्यांच्या मक्यात तिच्यावर पैसे घालवू नका.

आमचा कौल असा : संरक्षक साधनं नीट असतील आणि कन्व्हेयरवर नोझल बसवणार असाल तर शुद्ध ॲसिड घ्या. हातात साधनं कमी, घरात पत्रा-लोखंड जास्त, आसपास मुलंबाळं वावरतात, अशी स्थिती असेल तर बफर मिश्रण घ्या आणि त्याच्या अंशाप्रमाणे मात्रा वाढवा.

मात्रा काढण्यापूर्वी ओलावा पक्का करा. हातातले मीटर 20 टक्क्यांच्या वर गेले की डळमळतात. दाण्याच्या पृष्ठभागावर पाणी असेल किंवा दाणा गरम असेल तर आणखीच. दहा-बारा ठिकाणांहून, खोलवरून नमुने घ्या, पण ते एकत्र मिसळून सरासरी काढू नका. बुरशी सरासरीवर उगवत नाही, सगळ्यात ओल्या जागी उगवते. एक-दोन नमुने ओव्हनमध्ये पडताळता आले तर फार उत्तम : अख्खा मका 103 अंशांवर 72 तास ठेवायचा आणि आधीचं-नंतरचं वजन घ्यायचं. 100 ग्रॅमचे 76.5 ग्रॅम उरले तर ओलावा 23.5 टक्के. मीटर त्याच नमुन्याला 22 दाखवत असेल तर तुमचा मीटर दीड अंकाने कमी बोलतो, आणि तेवढ्याने मात्रेत फरक पडतो.

सहा महिने साठवणीसाठी, शुद्ध ॲसिड धरून, ओल्या धान्याच्या वजनावर ढोबळ मात्रा अशी : 18 टक्के ओलाव्याला 0.5 टक्के, आणि पुढे दर दोन टक्क्यांना 0.1 ची वाढ. म्हणजे 20 ला 0.6, 22 ला 0.7, 24 ला 0.8, 26 ला 0.9, 30 ला 1.1. उत्पादकांच्या तक्त्यांत थोडाफार फरक असतो. थंड प्रदेशासाठी छापलेले आकडे कमी असतात, उष्ण हवेत ते अपुरे पडतात. तुमच्या डब्यावरचा आकडा यापेक्षा जास्त असेल तर तोच घ्या. दाणे फुटलेले बरेच असतील तर दहा टक्के जास्त धरा, कारण फुटक्या दाण्याचा उघडा पिठूळ भाग ॲसिडही जास्त पितो आणि बुरशीलाही तोच आधी सापडतो. त्याहून बरं म्हणजे चाळून चुरा काढून टाका. स्क्रू कन्व्हेयरमधून पडताना चुरा ढिगाच्या मधोमध, धारेखाली साचतो, तिथून हवा खेळत नाही, आणि मग ढीग मधोमधच का तापला याचं कोडं पडतं.

तुमच्यासाठी हिशेब. 26 टक्क्यांचा दोन टन मका वेगळाच ठेवा, बाकीच्यात मिसळू नका. उरलेल्या दहा टनांचा सगळ्यात ओला नमुना 23, मीटरची चूक धरून 24 ची ओळ घ्या : 0.8 टक्के, म्हणजे 80 किलो. दोन टनांना 0.9 टक्क्यांनी 18 किलो. एकूण 98 किलो शुद्ध ॲसिड, आणि त्याची घनता 0.99 असल्याने लिटरही जवळपास तितकेच. दोन दिवस उशीर झाला असेल तर एक पायरी वर : 90 आणि 20, एकूण 110 किलो. 55 टक्क्यांचं मिश्रण घेतलंत तर 98 भागिले 0.55, म्हणजे 178 किलो. दोन्हींच्या किमतींची तुलना या आकड्यांवर करा, डब्याच्या किमतीवर नको. आणि तो 26 चा मका आधी संपवायचा असं ठरवलंत तर त्याची कोठी दाराजवळ ठेवा. पहिल्या दोन महिन्यांतच संपवणार म्हणून त्याची मात्रा कमी करू नका; बेत बदलतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ॲसिड दाण्यादाण्याला लावणं. कन्व्हेयर मिळतोय हे उत्तम झालं. नोझल बसवायचं ते खालच्या टोकाला, मका जिथे स्क्रूमध्ये शिरतो तिथे. वरच्या तोंडाशी नाही. स्क्रूच्या संपूर्ण लांबीत दाणे एकमेकांवर घासले जातात आणि ॲसिड वाटलं जातं. तीन मीटरपेक्षा आखूड स्क्रूत हे मिसळणं अर्धवट राहतं. स्क्रू तुडुंब भरून चालवू नका. पूर्ण भरलेल्या स्क्रूत मका गठ्ठ्याने सरकतो आणि आतले दाणे कोरडे राहतात. दोन-तृतीयांश भरलेला बरा. पंखासारखा सपाट फवारा देणारी दोन नोझल समोरासमोर लावली तर एकापेक्षा चांगलं काम होतं. शिवाय एक तुंबलं तर फवारा लंगडा होतो आणि लगेच डोळ्यांत भरतो.

पितळी नोझल, तांब्याची नळी, ॲल्युमिनियमचा जोड, यातलं काही लावू नका. ॲसिड ते खातं. 316 प्रतीचं स्टेनलेस स्टील, पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या, टेफ्लॉनचे वॉशर. साधा शेती फवारणीचा पंप दोन-चार तास चालेल आणि मग त्याची रबरी सील फुगून गळायला लागेल, तेही बरोबर तुमच्या पाठीवर. पाठीवरचा पंप या कामातून कायमचा बाद.

आता मोजमाप. कन्व्हेयर तुम्हाला हव्या त्या भरावावर चालवून 500 किलो मका किती वेळात पडतो ते घड्याळ लावून बघा. समजा 4 मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला 125 किलो. 0.8 टक्क्यांनी मिनिटाला 1 किलो ॲसिड, साधारण 1 लिटर. आता टाकीत पाणी भरून पंप चालू करा आणि नोझलखाली मापाचं भांडं धरून मिनिटभरात किती पडतं ते पाहा. दाब किंवा नोझल बदलत 1 लिटरवर आणा. हे पाण्यानेच करायचं. ॲसिडने मोजमाप करताना तोंडावर उडालेल्या थेंबाची किंमत मोठी असते. नंतर पाणी पूर्ण काढून टाका. काम सुरू झाल्यावर दर टनाला टाकीतली पातळी बघा : 8 लिटर उतरले पाहिजेत. 6 उतरले तर थांबा, कारण शोधा, आणि तो टन परत स्क्रूतून काढा.

घोटाळा बहुधा इथे होतो : ओला मका हॉपरमध्ये, म्हणजे मका ओतायच्या नरसाळ्यात, कमान धरतो, स्क्रू अर्धा रिकामा फिरतो, ॲसिड मात्र पडतच राहतं. हे त्यातल्या त्यात सोसण्यासारखं. उलटं झालं तर वाईट. नोझलमध्ये कचरा अडकला आणि एकच मिनिट कुणाचं लक्ष नसलं तर 125 किलो मका ॲसिडविना कोठीत जातो. तो सगळा एकाच जागी पडतो, आणि पुढे तिथूनच ढीग पेटतो. म्हणून एक माणूस फक्त नोझलकडे बघायला ठेवा, त्याला दुसरं काम देऊ नका. हॉपरमध्ये मका खाली सारायला दुसरा माणूस लागतो आणि त्याने लाकडी दांडाच वापरायचा, हात नाही. ॲसिड लागलेला मका स्क्रूत थोडा जडही सरकतो, त्यामुळे अर्ध्या तासाने वेग पुन्हा तपासा.

कन्व्हेयर ऐन वेळी मिळालाच नाही तर काँक्रीट मिक्सर वापरता येतो. 100 किलो मका, 800 ग्रॅम ॲसिड, फिरत्या ड्रममध्ये बारीक फवाऱ्याने, मग तीन-चार मिनिटं फिरवणं. बारा टनांना हे 120 वेळा करायचं, म्हणजे कंबर मोडते, पण मिसळण चांगली होते. जमिनीवर फावड्याने कालवणं मात्र पुन्हा मागच्या वेळचीच गोष्ट.

मिसळण नीट झाली का हे वासावरून कळत नाही. वास सगळीकडे पसरतो. वेगवेगळ्या जागचे पाच-सहा नमुने घ्या. प्रत्येकातला एक भाग भरडलेला मका दहा भाग शुद्ध पाण्यात ढवळून पाव तास ठेवा आणि पीएच पट्टी बुडवा. शेजारी ॲसिड न लावलेल्या मक्याचाही एक पेला ठेवा. सगळे नमुने त्यापेक्षा स्पष्ट खाली आणि एकमेकांच्या जवळपास आले पाहिजेत. एखादा नमुना ॲसिड न लावलेल्या मक्याच्या बाजूला झुकत असेल तर तो मका आजच बाहेर काढा.

सुरक्षेबद्दल विक्रेते फारसं बोलत नाहीत, म्हणून थोडं खुलासेवार. शुद्ध प्रोपिऑनिक ॲसिड कातडी जाळतं आणि डोळा कायमचा घालवू शकतं. चष्मा नव्हे, चेहरा झाकणारी ढाल आणि तिच्या आत बंदिस्त गॉगल. नायट्राइल किंवा ब्युटाइल रबराचे लांब हातमोजे, रबरी ॲप्रन, गमबूट. विजारीचे पाय बुटाच्या बाहेर, आत नाही, नाहीतर ओघळ बुटात उतरतो. हवेत दिवसभराच्या कामासाठी मर्यादा दहा लाखांत दहा भाग एवढीच धरतात, आणि नोझलजवळ ती सहज ओलांडली जाते. म्हणून वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि आम्लवायू-सेंद्रिय वाफेचा फिल्टर असलेला मास्क लावा. धुळीचा कापडी मास्क याला उपयोगी नाही. 52-54 अंशांच्या आसपास याची वाफ पेट घेते, तेव्हा तापलेलं डिझेल इंजिन, वेल्डिंग, विडी, सगळं लांब. काम सुरू होण्याआधी 200 लिटर स्वच्छ पाण्याचं पिंप आणि तांब्या जवळ ठेवा. अंगावर उडालं तर कपडे काढून पंधरा मिनिटं पाणी ओता. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाणी, आणि मग थेट दवाखाना. खाण्याचा सोडा जमिनीवर सांडलेल्या ॲसिडवर टाकायला ठेवा, अंगावर चोळायला नाही.

पत्र्याची कोठी. जस्ताचा मुलामा ॲसिड पहिल्याच हंगामात खातं, मग पत्रा गंजतो आणि गंजाच्या पापुद्र्याशी लागलेल्या मक्यातलं ॲसिडही खर्ची पडतं. तिथे पुन्हा बुरशी. कोठीच वापरायची असेल तर आतून आम्लरोधक इपॉक्सी रंग द्या आणि तो पूर्ण वाळू द्या, किंवा जाड पॉलिथीनचं अस्तर लावा. सिमेंटची जमीनही तशीच उघडी चालत नाही. तिच्यातला चुना ॲसिड शोषतो आणि तळाचा थर बिनॲसिडचा होतो. प्लॅस्टिकचा कागद अंथरा. तुमच्याकडे मोकळी शेड असेल तर लाकडी फळ्यांचा कप्पा आणि खाली कागद, हे आम्हाला कोठीपेक्षा बरं वाटतं.

वर प्लॅस्टिक मात्र घालू नका. रात्री वरचा थर थंड होतो, आतून चढणारी वाफ प्लॅस्टिकखाली थेंब होऊन परत मक्यावर पडते आणि तिथलं ॲसिड पातळ करते. पत्र्याच्या छपरातून ठिबकणारं दवही हेच करतं. वर एक-दोन थर कोरडी गोणपाटं अंथरा, ओली झाली की बदला. छप्पर आणि मका यांत हात-दोन हात मोकळी जागा ठेवा. शेवटच्या वीतभर थराला दीडपट मात्रा द्या. शिखर करू नका, सपाट करा. आणि ॲसिड न लावलेला मका, मग तो वाळलेला असला तरी, याला टेकून ठेवू नका : सीमेवर ओलावा तिकडे जातो आणि ॲसिड कुणालाच पुरत नाही.

भरल्यावर पहिला महिनाभर दर आठवड्याला तापमान घ्या. लांब दांड्याचा थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई मीटरभर खोल खुपसून अर्ध्या तासाने काढून हात लावा, आणि दर वेळी त्याच जागा तपासा. सगळा ढीग एक-दोन अंशांनी हलला तर चिंता नाही, पण एकच जागा शेजारच्यापेक्षा चार-पाच अंशांनी वर गेली तर तिथे गडबड आहे. ढीग उकरा. तिथले दाणे हातात घेऊन कोंबाच्या बाजूचं साल नखाने सोला. सालाखाली कोंबावर निळसर-हिरवी रेघ दिसली तर बुरशी आत शिरलीय. बाहेरून दाणा अजून पिवळाधमक दिसत असतो, म्हणून सोलल्याशिवाय निकाल देऊ नका. अशी रेघ असलेला मका आणि त्याच्याभोवतीचा हातभर थर बाजूला काढा आणि त्यावर परत ॲसिड मारून वापरात आणू नका. ॲसिडने पुढची वाढ थांबेल, पण आधी तयार झालेलं विष तसंच राहतं. गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिन बी1 चा काही भाग एम1 होऊन दुधात उतरतो, कोंबड्यांना त्याची बाधा आणखी लवकर होते. मागच्या वर्षीचा हिरवा मका अजून कुठे पोत्यात ठेवला असेल तर तोही याच हिशेबात बसतो. तपासणी करून घ्या, नाहीतर पुरून टाका. रेघ नाही, नुसता कोमट आहे, तर पसरून थंड करा आणि 0.3 टक्के ॲसिड वर देऊन परत भरा.

किड्यांसाठी मात्र या ॲसिडवर विसंबू नका. आणि ढिगावर किंवा कोठीत एकट्याने उतरू नका. श्वसनातून साचलेला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही आणि वासही देत नाही.

बियाण्याचं उत्तर एका शब्दात : नाही. ॲसिड कोंब मारतं. बियाण्याला लागणारे चार-दोन पोती मका आत्ताच वेगळा काढून घरात पंख्याखाली, बोटभर थरात वाळवा. विकण्याचंही तेच. ॲसिड लागलेलं धान्य फक्त जनावरांच्या खाद्यासाठी; माणसांच्या खाण्यात, पिठात, स्टार्चच्या कारखान्यात ते जाता कामा नये. कोठीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : ‘ॲसिड लावलेला मका, फक्त जनावरांसाठी’, तारीख, मात्रा. शेजाऱ्याला चार पोती दिलीत तर पोत्यावरही तेच. कोंबडी किंवा गाय पाळणारा कुणी विकत घेत असेल तर त्याला सांगून आणि कोरड्या वजनावर भाव ठरवून द्या : 22 टक्क्यांच्या टनात 780 किलो कोरडा माल असतो, 14 टक्क्यांच्या टनात 860.

हाच फरक खाऊ घालतानाही धरा. 14 टक्क्यांचा मका रोज 3 किलो देत असाल तर 23 टक्क्यांचा 3.35 किलो द्यावा लागेल, नाहीतर दूध कमी झालं की ॲसिडला दोष दिला जातो. प्रोपिऑनिक ॲसिड गाईच्या पोटात तसंही रोज तयार होतं, ते पचतं आणि त्याची ऊर्जाही मिळते. भरल्यावर पहिले काही दिवस वास उग्र असतो. दोन आठवडे थांबून, जुन्या खाद्यात पाव भागापासून सुरुवात करा. एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते : ओल्या आणि ॲसिड लावलेल्या धान्यातलं ई जीवनसत्त्व साठवणीत हळूहळू नाहीसं होतं. सहा महिन्यांच्या शेवटी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. गाभण गाई, वासरं आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम असलेलं खनिज मिश्रण तिसऱ्या महिन्यापासून द्यायला लागा. किती द्यायचं ते पशुवैद्याकडून ठरवून घ्या, सेलेनियम जास्त झालं तर तेही बाधतं.